दोन सिस्टर ॲग्नेस

नागपूरहून आलेलं कार्ड मालतीने दारात उभ्याउभ्याच वाचलं. सकाळी नवऱ्याने, लीलाधरने मारलेल्या थपडीने तिचा डावा कान अजून वाजत होता, त्यामुळे पोस्टमन काय बोलला ते तिला नीट कळलं नव्हतं. संपादकांनी लिहिलं होतं की कथा दिवाळी अंकासाठी घेतली आहे, मात्र एकाच कथेत दोन सिस्टर ॲग्नेस असल्याने वाचकाचा गोंधळ होतो. एकीचं नाव बदलावं. नवं नाव अँग्लिकन पंथाला आणि त्या काळाला धरून असावं, कारण गेल्या वर्षी एका लेखकाने मिशनची नावं चुकवली होती आणि कार्यालयात तक्रारींचा ढीग पडला होता. आठवड्याच्या आत कळवावं. मागणी वाजवी होती. संपादकाच्या जागी आपण असतो तर आपणही हेच लिहिलं असतं, असं तिला वाटलं. तिने कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं, चुलीवरची डाळ उतरवली आणि ओट्यापाशीच नावांचा विचार सुरू केला.

नावं तिला ठाऊक होती. बऱ्हाणपुरात लालबागच्या पलीकडे सिस्टरांचा दवाखाना होता तेव्हा ती तिथे दुभाष्याचं काम करत असे. सिस्टर पुण्याहून मराठी शिकून येत आणि निंबोला गावच्या बाईने 'मना पोटमा दुखी ऱ्हायनं' म्हटलं की मालतीकडे पाहत. थोरल्या सिस्टर हिल्डा मालतीला दुपारी इंग्रजी वाचायला शिकवत, आणि अशा दुपारी नावांचा विषय निघे. फिलोमिना चालणार नाही, ते रोमन. बर्नाडेटला रोमने संतपद दिलं तेच मुळी तेहेतीस साली. रोमने एवढ्यात मान्य केलेलं ते नाव अँग्लिकन सिस्टरला कुठून मिळणार? यांच्यात जुन्या इंग्लंडच्या राण्या आणि मठाधिपतिणी चालत. एडिथ, मिल्ड्रेड, एथेलड्रेडा. एथेलड्रेडा हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली होती, आणि सिस्टर हिल्डाही हसल्या होत्या. म्हणजे एडिथ. तिने मनातल्या मनात कथेतलं वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं: गाडीची उभारी सिस्टर एडिथच्या खांद्यावर बसली. वाक्य बरोबर होतं. नाव पंथाला धरून होतं, काळालाही धरून होतं. पण बैलगाडीचा तो दांडा उगारणाऱ्या कौतिकने एडिथला का मारलं असतं? एडिथशी त्याचं काय भांडण होतं? तिने मिल्ड्रेड घालून पाहिलं. उभारी मिल्ड्रेडच्या डोक्यावर आली आणि तिथेच थांबली. कोणाच्याही हातात ती खाली आणायचं कारण उरलं नव्हतं.

एकीचं नाव दुसरीला देणं ही त्या सिस्टरांची रीतच होती. शपथ घेताना आईबापांनी ठेवलेलं नाव जायचं, आडनाव जायचं, आणि संस्था नवं नाव द्यायची. संस्थेतली एखादी सिस्टर वारली की काही काळाने तिचं नाव नव्या मुलीला मिळे. सिस्टर हिल्डांनी हे सांगितलं ते पाव कापता कापता, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं. पहिल्या ॲग्नेसबाई साठीच्या होत्या. त्या शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आजारी पडून पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांना पुण्यातच पुरलं, त्यामुळे बऱ्हाणपुरात कोणी त्यांची मयत पाहिली नाही. पुढच्या हिवाळ्यात तिशीची एक सिस्टर आली. तोच पांढरा झगा, कपाळ आणि कान झाकणारी तीच कांजी केलेली टोपी, आणि नाव ॲग्नेस. गावांतून येणाऱ्या बायकांना काहीच वेगळं वाटलं नाही. ॲग्नेसबाई पुण्याला गेल्या होत्या, ॲग्नेसबाई आल्या. मालतीने सुरुवातीला एकदोघींना समजावून पाहिलं. "म्हंजे तीच ना?" त्या म्हणत. "नाही, ही दुसरी." "पन ॲग्नेसबाईच ना?" "हो." "मंग तेच तं म्हनते मी."

कौतिक निंबोल्याचा. त्याची मुलगी कोकिळा छातीच्या दुखण्याने आली होती ती पहिल्या ॲग्नेसबाईंच्या वेळी. त्यांनी तिला पुण्याच्या इस्पितळात पाठवलं. पोर तिथेच दगावली. आधी की नंतर कोण जाणे, कोणीतरी तिच्या डोक्यावर पाणी शिंपडून तिला वेगळं नाव दिलं होतं, आणि त्याच नावाने तिला मातीत घातलं. कौतिकला हे कळलं ते वर्ष उलटल्यावर. तो एकदा दवाखान्यात आला, व्हरांड्यात बसून राहिला आणि निघून गेला. मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. हैदराबादेत फौजा शिरल्या होत्या, रेडिओ असलेल्या प्रत्येक दुकानासमोर माणसं उभी होती, रझाकार पळून इकडे येतायत, कुठे कुठे लपलेत, कोण त्यांना मलमपट्टी करतंय, अशा गोष्टी बाजारात भाजीच्या भावासारख्या सांगितल्या जात होत्या. त्या हवेत कौतिक आपलं दुःख घेऊन बैलगाडीतून आला तेव्हा त्याच्यामागे माणसं आपोआप जमली. त्यातल्या निम्म्यांना तो का चाललाय ते ठाऊक नव्हतं. सिस्टर हिल्डा औषधं आणायला खांडव्याला गेल्या होत्या. दवाखान्यात धाकट्या ॲग्नेसबाई, मालती आणि झाडलोट करणारी सोजरबाई.

गेट मोडण्याचा आवाज झालाच नाही, कारण ते उघडंच होतं. माणसं आत आली आणि आधी कुंड्या फोडल्या. मग औषधांचं कपाट पालथं पाडलं. टिंक्चरचा वास इतका उग्र उठला की पुढचे दोघे खोकत मागे सरले, आणि कोणीतरी हसलं. मालतीला ते हसू अजून ऐकू येई. एखाद्या लग्नात पंगतीला वाढपी घसरला की हसतात तसं ते होतं. कौतिक पायरीशी उभा राहून म्हणाला, "ॲग्नेसबाई कोन?" मालतीने ओरडून सांगितलं, ही ती नव्हे, ती मेली, पुण्याला मेली, ही नवी आली आहे. ती एवढ्या जोराने ओरडली की नंतर दोन दिवस तिचा घसा बसला होता. कौतिकने ऐकलं. तो थबकलाही. "ही तं जवान दिसते," तो मागे वळून म्हणाला. मागून आवाज आला, "गोऱ्यांचं वय समजतं का रे?" मग कौतिकने सिस्टरलाच विचारलं, थेट, जवळजवळ अदबीने, "तुम्ही ॲग्नेसबाई?" मालती इंग्रजीत म्हणाली, सांगा ना, ती तुम्ही नव्हे म्हणून सांगा. सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. मग पुण्याच्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "होय. मी ॲग्नेस."

उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला माल अडवण्यासाठी उभा केलेला बाभळीचा दांडा. तो उपसायला जोर लागत नाही. पहिला घाव खांद्यावर बसला आणि सिस्टर बाजूला झुकली, जशी कोणाला वाट द्यायला सरकावी. दुसरा डोक्यावर. टोपीची कांजी पापडासारखी वाजली. त्याच्या मागोमाग दुसरा आवाज झाला, तो जड आणि ओला होता, आणि टोपीच्या कडेने रक्त आधी एका रेषेत आलं आणि मग सगळीकडून. ती गुडघ्यांवर बसली. तोंडातून एक दात फरशीवर पडला. तो उचलायला तिने हात पुढे केला, हे मालतीने स्वतः पाहिलं, आणि त्या हातावर कोणाचा तरी जोडा पडला. आता मारणारा कौतिक एकटा राहिला नव्हता. कौतिक तर उभारी टाकून बाजूला झाला होता आणि "कोकिळा, कोकिळा" म्हणत आपल्याच तोंडात मारून घेत होता. ज्यांना कोकिळा कोण हे माहीत नव्हतं ते मारत होते. एकाने सलाइनची बाटली आपटली. एकाने टोपी ओढून काढली, आणि आत आखूड कापलेले तांबूस केस दिसले तेव्हा क्षणभर सगळे थांबले, बायकोव्यतिरिक्त कोणाचे मोकळे केस पाहिल्यासारखे. मग पुन्हा लागले.

कोर्टात मालतीने साक्ष दिली. मयताचं नाव सिस्टर ॲग्नेस, एवढंच कागदावर गेलं. कौतिकला जन्मठेप झाली. दवाखाना बंद पडला, सिस्टर हिल्डा पुण्याला परतल्या, आणि मिशनमध्ये नोकरी केलेली, खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाने उभी केलेली मुलगी म्हणून मालतीला स्थळं येईनात. अखेर आलं ते लीलाधरचं. तहसील कचेरीत कारकून, बिजवर, स्वच्छ माणूस. त्याची पहिली बायको शारदा एका सकाळी मागच्या विहिरीत सापडली होती. काठावर शेवाळं होतं, पाय घसरला असं सगळ्यांनी म्हटलं. लग्न झालं, घरी आल्यावर तांदळाचं ताट पुढे आलं, लीलाधरने अंगठीने तांदळात नाव लिहिलं. मालतीने वाकून वाचलं: शारदा. तिला वाटलं चुकून लिहिलं. सासू म्हणाली, "जिभेला वळण पडलंय ना, बाई. नवं नाव कुठं घेत बसायचं? आणि तिच्या आत्म्यालाही बरं." बायका हसल्या. मेलेल्या पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालायचीच रीत असते, त्यात नावाचं ते काय. मालतीही हसली होती. शाळेत नोकरी लागली तेव्हा तिथे तिचं नाव मालतीच राहिलं, कारण मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर ते होतं. घरात ती शारदा झाली.

सासू वारल्यावर मार सुरू झाला. पहिल्यांदा तिला वाटलं की लीलाधरच्या डोक्यावर काही परिणाम झालाय, कारण तो विचारत होता, "मोतीलालकडे कशाला गेली होतीस?" मोतीलालचं चौकात वह्यापेन्सिलींचं दुकान होतं. मालती त्याच्याशी कधी बोललीही नव्हती. पहिली शारदा बोलत असे, हसत असे, असं शेजारच्या मालूबाईने नंतर सांगितलं. लीलाधर वेडा नव्हता. कचेरीत त्याच्या हातून एक फाइल इकडची तिकडे होत नसे. या महिन्यात तर तो रोज उशिरा येई. नोव्हेंबरच्या एक तारखेला जुना मध्य प्रदेश मोडून नवा होणार होता, नाव तेच, पण कागद नागपूरऐवजी भोपाळला जाणार, आणि कोणतं प्रकरण कुठे वर्ग करायचं हे बऱ्हाणपुरात त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. ती दुसरी आहे हे त्याला उत्तम ठाऊक होतं. पण 'शारदा' अशी हाक मारली की पहिलीच्या नावावरचं सगळं उघडत असे: न सापडलेला शेला, जास्त मीठ, उघडी राहिलेली खिडकी, मोतीलाल. तो मारत असे ते चढत्या आवाजात विचारत विचारत, आणि संपलं की साबणाने हात धूत असे. ती उत्तर देई. नाही गेले. नाही हसले. माहीत नाही शेला कुठे आहे. आज सकाळी शेलाच होता.

शाळा सुटल्यावर ती टांग्याने लालबागला गेली. सोजरबाईला विचारावं, आणखी एखादी सिस्टर येऊन गेली असेल, तिचं नाव तिला आठवत असेल, एवढंच मनात होतं. म्हातारी अंगणात विड्या वळत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "ये वो मास्तरीनबाई. गाल काहून फुगला?"

"पडले."

"हाव. मी बी पडे. माहा बुढा मेला तईपासून नाही पडली." ती हसली. "बैठ. चाय नाही हो, शक्कर खतम."

मालतीने नावांचं विचारलं. सोजरबाईने विडीला दोरा गुंडाळला, दाताने तोडला.

"नाव कोनाले ठाव? मी एकीले बुढीबाई म्हने, एकीले लंबीबाई. अन् ते जवान आली तिले नवीबाई. तिले म्या पह्यल्याच दिवशी पुसलं, बाई, नाव काय तुमचं? तं म्हने ॲग्नेस. म्या म्हनलं, अवो ते तं मरून गेली! मेलेल्या बाईचं नाव घेता, डर नाही लागत? लाल झाली नुसती."

"काही बोलली नाही?"

"तवा नाही बोलली. मंग तिले बुखार आला होता, मलेरिया. म्या पट्ट्या ठेवत होती. तं बडबड करे, डेझी, डेझी. म्या म्हनलं हे कोन आता? कोनाची पोरगी? आंग उतरलं तं सकाळी पुसलं. तं म्हने, सोजर, ते मीच. मले सांगितलं, कोनाले सांगू नको, हसतील. आता हे का छुपायची गोस्ट हाय? म्या म्हनलं, बाई, नाव तं चांगलं हाय, काहून बदललं? म्हने, मागितलं होतं त्यायनं, म्या देऊन दिलं."

डेझी. हे नाव कथेत चालणारं नव्हतं. कोणत्याही काळी, कोणत्याही संस्थेत सिस्टर डेझी झाली नसती. पण पायरीवर जी उभी होती तिचं ते नाव होतं, आणि कौतिकने विचारलं तेव्हा तिला ते आठवलं असलंच पाहिजे. आठ वर्षं मालती त्या 'होय'ला धैर्य म्हणत आली होती. कथेतही तिने तो शब्द वापरला होता, दोनदा. आता विड्यांच्या सुपाशेजारी बसून तिला वाटलं की ते धैर्य असेल, पण त्याआधी ती सवय होती. हाक आली की ओ द्यायची. प्रश्न भलत्याच बाईसाठी आलेला असला तरी उत्तर द्यायचं, आणि उत्तर दिलं की पुढचं सगळं आपलं होतं, उभारीसकट. तिला सिस्टरचा संताप आला. कोकिळाच्या बापालाही त्या उत्तराने काय मिळालं? ज्या बाईने त्याची पोर नेली ती पुण्यात आरामात मातीखाली होती, आणि तो नागपूरच्या तुरुंगात एका परक्या मुलीच्या कवटीचा आवाज ऐकत असेल. मग संताप तिच्याकडेच वळला. नाही गेले. नाही हसले. माहीत नाही शेला कुठे आहे. रोज ती ओ देत होती.

"जाते मी," ती म्हणाली.

"जा. गालाले हळद लाव. अन् पडू नको आता."

स्टेशनबाहेरच्या पोस्टात तिने कार्ड विकत घेतलं आणि तिथल्याच दौत-टाकाने लिहिलं: दोघींची नावं ॲग्नेसच राहतील. नाव बदललं तर खून होत नाही. गोंधळ वाचकाला सोसायचा नसेल तर कथा परत पाठवावी. सही केली आणि पेटीत टाकलं. छापून येणार नाही हे तिला कळत होतं. पहिलीच कथा होती, आणि तीही गेली. परतताना टांगेवाला वाटभर भोपाळ किती लांब आहे यावर बोलत होता. "बाई, अब अर्जी लेके भोपाल जाना पडेगा, नागपूर बंद. पण नाव तेच ठेवलं म्हणतात, मध्य प्रदेश. फिर बदला क्या?"

उन्हं अजून अंगणात होती. लीलाधर आज लवकर आला होता. कोट खुंटीला, टोपी खुंटीला, बाह्या दुमडलेल्या. गल्लीतलं दार उघडं होतं आणि पलीकडच्या ओट्यावर मालूबाई तांदूळ निवडत होती.

"शारदा, कुठं गेली होतीस?"

तिने चप्पल काढली.

"शारदा, मी विचारतोय. चौकातून आलीस ना? मोतीलालकडे गेली होतीस?"

'नाही' तिच्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं. "तिला विचारा," ती म्हणाली.

"कोणाला?"

"विहिरीतून काढलीत तिला."

त्याने कोपऱ्यातली धुण्याची मोगरी उचलली. तो घाई करत नव्हता. पहिला घाव दंडावर बसला, हात खांद्यापासून बधिर झाला. "मोतीलालकडे—"

"मी मालती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मालतीनं काय केलं ते सांगा. मग मारा."

लीलाधर थांबला. त्याने तोंड उघडलं. तो खरंच शोधत होता हे तिला दिसलं. फडताळात हात घालून फाइल मिळू नये तसा त्याचा चेहरा झाला. "तू... वर तोंड करून बोलतेस," तो म्हणाला.

"आता बोलले. त्याच्या आधीचं सांगा. सकाळचं सांगा."

त्याने मारलं. या वेळी न विचारता मारलं. मोगरी कानशिलाच्या वर लागली, डोळ्यांसमोर पांढरं झालं, गरम काहीतरी भुवईवरून उतरलं. ती भिंतीला धरून उभी राहिली. "हे कशाबद्दल?" तिने विचारलं. त्याने पुन्हा उगारली. ओट्यावरून मालूबाई म्हणाली, सूप खाली न ठेवता, "सांगा ना भाऊ. आम्ही बी ऐकतो."

"दार लाव," लीलाधर म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्याने सांगितलं नाही. हाक मारायला त्याच्याकडे नाव नव्हतं. मोगरी वरच्या वर राहिली, मग खाली आली, नुसतीच, त्याच्या मांडीपाशी लोंबत.

मालतीने दार लावलं नाही. ती बाहेर आली आणि उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसली. रक्त हनुवटीवरून पोलक्यावर पडत होतं. पदर हातात असून तिने ते पुसलं नाही. मागे घरात मोरीवर पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि थांबला. गल्लीतून कचेरीतले दोघे चालले होते, लीलाधरच्याच टेबलाशेजारचे. त्यांनी आधी न पाहिल्यासारखं केलं, मग थांबावंच लागलं. "काय झालं, वहिनी?"

"मालतीला नवऱ्यानं मारलं," ती म्हणाली. "कारण विचारलंय. आत आहेत ते, अजून सांगत नाहीत."